फोनवर फोटो काढणं आणि एडिट करणं: कोणतं ॲप, कोणती सेटिंग, कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा: फोन बऱ्यापैकी नवा आहे, मेगापिक्सेलही भरपूर आहेत, तरी उन्हातले फोटो पांढरे फटक येतात, घरातले चेहरे मेणाचे वाटतात आणि एडिट करायला घेतलं की फोटो भडक होतो. मग कॅमेऱ्याचं वेगळं ॲप घ्यावं का? एडिटिंगला कोणतं वापरावं? आणि त्यात नेमकं काय करायचं?

ॲपचं उत्तर दोन ओळींत संपतं. फोटो काढायला फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप वापरा. एडिटिंगला स्नॅपसीड किंवा लाइटरूम यांपैकी एकच धरा आणि ते नीट शिका. पाच-सहा ॲप्स भरून ठेवणारे लोक बहुतेक वेळा प्रत्येकातला एकेक फिल्टर वापरत असतात, एवढंच.

खरी गोम दुसरीकडे आहे. फोनचा फोटो तुम्ही पहिल्यांदा पाहता तेव्हाच तो एकदा एडिट झालेला असतो. बटण दाबलं की आजचे फोन एक नव्हे, अनेक फ्रेम घेतात. त्यातल्या काही मुद्दाम कमी उजेडाच्या असतात, म्हणजे आकाश जळू नये. मग त्या एकमेकींवर बसवल्या जातात, दाणे (कमी उजेडात फोटोवर येणारे बारीक ठिपके) पुसले जातात, सावल्या उचलल्या जातात, कडांना धार दिली जाते, रंग चढवले जातात आणि चेहरा दिसला तर तो उजळलाही जातो. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. त्यावर आपण पुन्हा धार, पुन्हा रंग, पुन्हा ‘एचडीआर’ (उजळ आणि गडद दोन्ही भाग दिसावेत म्हणून केलेली प्रक्रिया) चढवतो आणि फोटो बिघडतो. म्हणून फोनवरच्या एडिटिंगचा अर्धा भाग म्हणजे फोनने केलेलं थोडं मागे घेणं. उरलेला अर्धा म्हणजे फोनला न कळलेली गोष्ट, उदाहरणार्थ नेमकं काय उजळ दिसायला हवं, ती आपण सांगणं.

काढण्याआधी

लेन्स पुसा. बोटांचा तेलकट थर बसलेल्या लेन्समधून दिव्यांभोवती लांब रेघा येतात आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा पडतो. तो पडदा कुठलंही ॲप नीट काढू शकत नाही. मऊ सुती कापड पुरतं, कागदी टिश्यू नको.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदाच करायच्या गोष्टी: ग्रिड चालू करा, कोपऱ्यात फोनचं नाव छापणारा वॉटरमार्क बंद करा आणि ब्यूटी किंवा फेस स्मूदिंग शून्यावर आणा. काही फोनमध्ये ब्यूटीची सेटिंग पुढच्या कॅमेऱ्याची, मागच्याची आणि पोर्ट्रेट मोडची अशी वेगवेगळी असते, तिन्ही तपासा. ‘एआय सीन’ किंवा सीन ऑप्टिमायझर नावाची सोय असेल तर तीही बंद करून बघा. गवत अवाजवी हिरवं आणि आकाश निळं-जांभळं होण्यामागे बहुधा तीच असते. एचडीआर मात्र ‘ऑटो’वर राहू द्या.

मेगापिक्सेलबद्दल. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) नेहमीच्या मोडमध्ये शेजारचे चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० मेगापिक्सेलवाला सोळा-सोळा एकत्र करून तेवढाच देतो. यात काही फसवणूक नाही. छोटे पिक्सेल एकत्र केल्याने दाणे कमी होतात आणि उजेड-सावलीचा पल्ला वाढतो. ‘५० एमपी’ किंवा ‘हाय रिझोल्यूशन’ मोड फक्त भरपूर उजेडात, विषय स्थिर असताना आणि नंतर मोठा क्रॉप किंवा मोठी प्रिंट हवी असतानाच लावा. घरात तो लावून फायदा नाही. फाइल जड होते, शटर संथ होतं आणि सावल्यांत दाणे येतात.

एक्स्पोजर आपल्या हातात घेणं

एक्स्पोजर म्हणजे फोटो किती उजळ येतो ते. फोटो काढताना शिकण्यासारखी गोष्ट एकच असेल तर ही. स्क्रीनवर मुख्य विषयावर टॅप करा. फोकस आणि उजेडाचं मोजमाप तिथे लागतं. बोट दाबून ठेवलं तर ते लॉक होतं. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती खाली ओढली की फोटो गडद होतो.

किती खाली ओढायचं? पांढरा शर्ट, ढग, चकाकणारं कपाळ यांत पोत दिसू लागेपर्यंत. आकड्यांत सांगायचं तर उन्हातल्या दृश्याला उणे ०.३ ते उणे ०.७ बहुधा पुरतं. पांढरा फटक झालेल्या भागात माहितीच उरलेली नसते, तो नंतर कितीही गडद केला तरी राखाडी डाग मिळतो. उलट सावलीतला तपशील थोडा वर आणता येतो. पण म्हणून सरसकट उणे १.५ वर काढू नका. फोनने फ्रेम आधीच कमी उजेडाच्या घेतलेल्या असतात. आपण आणखी दाबलं की सावल्यांत रंगीत ठिपके उरतात आणि त्या उचलल्या की ते उठून दिसतात.

माणूस उजेडाला पाठ करून उभा असेल तर हा नियम उलटा होतो. तिथे टॅप चेहऱ्यावर करा आणि मागचं आकाश थोडं गेलं तर जाऊ द्या. सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्याच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. असा चेहरा गडद काढून नंतर उचलला की त्वचा राखाडी आणि डागाळलेली दिसते. दोन पावलं बाजूला सरकून माणसाला तिरकं वळवता आलं तर सगळ्यात बरं.

झूम आणि लेन्स

०.५, १, २, ३, ५ अशी जी बटणं फोन दाखवतो, त्यांवरच थांबा. मधले आकडे म्हणजे बहुतेक वेळा कापून ताणलेला फोटो. ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यावरचं २x मात्र कामाचं असतं, कारण ते सेन्सरच्या मधल्या भागातून थेट घेतलं जातं.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कमी उजेडात किंवा फार जवळच्या वस्तूला तुम्ही ३x दाबलं तरी फोन टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स वापरेलच असं नाही. तो गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून देतो. खात्री करायची असेल तर ३x लावून टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीनवरचं चित्र तसंच राहिलं तर समजा, ते मुख्य कॅमेऱ्यातून येतंय. अशा वेळी १x किंवा २x वर येऊन एक पाऊल पुढे जाणं चांगलं. तसंच फोन वस्तूच्या फार जवळ नेला की काही फोन आपोआप अल्ट्रावाइड (रुंद दृश्याच्या) लेन्सवर उडी मारून मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचा फोटो, करतात. चित्र क्षणभर हलल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. उजेड कमी असेल तर हा मॅक्रो बंद करून थोडं मागून २x वर काढा, पोत जास्त स्वच्छ येतो.

चेहऱ्यासाठी १x नको. मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या तोडीची असते. तिने चेहरा चौकट भरेल इतकं जवळ गेलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. दीड-दोन मीटरवर उभं राहा आणि २x किंवा ३x लावा. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा धूसरपणा बराचसा गणिताने केलेला असतो. मोकळे केस, चष्म्याची दांडी, हाताच्या आणि कमरेच्या मधली फट इथे तो चुकतो. धूसरपणा नंतर बदलता येत असेल तर तो सुरुवातीला जेवढा असतो त्याच्या निम्म्यावर आणा. चुका लपतात आणि फोटो खरा वाटतो.

प्रो मोड कधी

प्रो मोडमध्ये सेटिंग आपण हाताने ठरवतो. ‘प्रो’ म्हणजे जास्त चांगला असा समज आहे. अनेक फोनवर प्रो मोडमध्ये गेलं की अनेक फ्रेम जोडण्याचं काम बंद पडतं किंवा कमी होतं आणि एकाच फ्रेमचा फोटो मिळतो. म्हणून तोच देखावा ऑटोमध्ये स्वच्छ आणि प्रोमध्ये दाणेदार येतो. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर (लेन्सचं भोक) बदलतही नाही, त्यामुळे उजेडासाठी खेळायला फक्त शटर (उजेड किती वेळ घ्यायचा) आणि आयएसओ (तो किती वाढवायचा) उरतात. प्रो तेव्हाच घ्या जेव्हा शटरचा वेग तुम्हालाच ठरवायचा आहे.

हातात धरून स्थिर वस्तू काढायची तर १/३० ते १/६० सेकंद, चालणारी माणसं १/१२५ ते १/२५०, पळणारी मुलं १/५०० किंवा त्याहून जलद. घरात १/५०० लावलं की आयएसओ भलताच चढतो, तेव्हा मुलांना खिडकीजवळ आणणं हाच उपाय. फटाक्यांच्या आतषबाजीला आयएसओ ५० ते १००, शटर २ ते ४ सेकंद, फोकस हाताने अनंतावर आणि फोन तिवईवर. ताऱ्यांसाठी १५ ते २५ सेकंद आणि आयएसओ १६०० च्या आसपास. इथे फोकसच्या पट्टीचं अगदी शेवटचं टोक म्हणजे खरं अनंत असेलच असं नाही. दूरच्या दिव्यावर झूम करून तपासा आणि मगच सुरू करा.

एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात, त्याचं कारण विजेचा प्रवाह. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झच्या विजेवर तेच आकडे १/१२०, १/६०, १/३०. व्हिडिओलाही हेच लागू.

नाइट मोडचा विषय वेगळा. गूगलच्या पिक्सेल फोनवर २०१८ मध्ये नाइट साइट आलं, त्यानंतर जवळपास सगळ्या कंपन्यांनी ही सोय दिली. हातात धरून एक ते तीन सेकंद फ्रेम गोळा होतात आणि फोन त्या जुळवून घेतो. हाताची थरथर तो सांभाळतो, पण समोरचा माणूस हलला तर त्याचा चेहरा पुसट होतो. रात्री माणसांचे फोटो नाइट मोड बंद करून, दिव्याच्या जवळ नेऊन काढलेले बरे. देखावा असेल तर कोपर भिंतीला टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि नाइट मोड चालू ठेवा. त्यातही एक खोड आहे. तो रात्रीची संध्याकाळ करून टाकतो. एक्स्पोजर उणे ०.७ वर आणलं की रात्र रात्रीसारखी दिसते.

बाहेरची कॅमेरा ॲप्स आणि जीकॅम

सोशल मीडियाच्या ॲपमधलं कॅमेऱ्याचं बटण फोटोसाठी वापरू नका. अँड्रॉइडवर तर अशी ॲप्स बरेचदा फोनची पूर्ण प्रक्रिया न वापरता स्क्रीनवरचं चित्रच उचलतात. आधी फोनच्या कॅमेऱ्यात काढा, मग गॅलरीतून तिथे टाका.

ओपन कॅमेरा हे अँड्रॉइडवरचं मुक्त स्रोत ॲप फुकट आहे. ज्या फोनच्या मूळ ॲपमध्ये हाताने फोकस किंवा रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) नाही, तिथे ते उपयोगी पडतं. पण फोनने अँड्रॉइडला जेवढी दारं उघडून दिली असतील तेवढंच त्याला करता येतं. आयफोनवर हॅलाइडसारखं ॲप हेच काम देखणेपणाने करतं, पण ते विकत आहे.

जीकॅम म्हणजे गूगलचा कॅमेरा इतर फोनवर चालेल असा हौशी लोकांनी बदललेला. काही फोनवर त्याचे फोटो मूळ ॲपपेक्षा खरोखर सरस येतात, विशेषतः त्वचेचा पोत. पण तो प्ले स्टोअरवर नसतो, एपीके (ॲप टाकण्याची) फाइल बाहेरून घ्यावी लागते, आणि तुमच्या फोनसाठी नेमकी कोणती आवृत्ती व कोणती सेटिंग फाइल हे शोधण्यात वेळ जातो. अनेकदा फक्त मुख्य लेन्स चालते. कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी आपण कुणा अनोळखी माणसाच्या फाइलला देतोय, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

‘डीएसएलआरसारखे फोटो’ असं आश्वासन देणाऱ्या ॲपबद्दल एवढंच: लेन्स आणि सेन्सर ॲपने बदलत नाहीत.

जेपीईजी, हीक, रॉ

जेपीईजीत, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइल प्रकारात, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. निळं आकाश फार गडद केलं की त्यात पट्टे उमटतात, ते या पायऱ्या ताणल्या गेल्यामुळे. हीक (HEIC) फाइल जागा कमी घेते, आयफोनवर २०१७ पासून हीच नेहमीची आहे. काही जुन्या संगणकांवर ती उघडत नाही, तेवढ्यापुरती जेपीईजी करून पाठवा.

रॉ, म्हणजे फोनवर बहुधा डीएनजी, यात उजेड-रंगाची माहिती जास्त असते आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतला पिवळसर-निळसर तोल) मागाहून हवा तसा बदलता येतो. पण साधा डीएनजी एकाच फ्रेमचा असतो. दाणे पुसलेले नसतात, धार दिलेली नसते, कधी कडांना लेन्सचा वाकडेपणाही दिसतो. उघडल्याबरोबर तो जेपीईजीपेक्षा वाईटच वाटतो. ॲपलचं प्रोरॉ २०२० मध्ये आलं. त्यात अनेक फ्रेम जोडून झालेल्या असतात, म्हणून ते सोपं जातं. मात्र १२ मेगापिक्सेलची फाइल सुमारे २५ एमबी आणि ४८ मेगापिक्सेलची सुमारे ७५ एमबी होते. सूर्योदय, धुकं, मंचावरचे रंगीत दिवे अशा ठिकाणी रॉ कामाचं. रोजच्या फोटोंना नको.

एडिटिंग

सुरू करण्याआधी स्क्रीन. रात्रीचा पिवळसर पडदा, ट्रू टोन, आय कम्फर्ट वगैरे बंद करा. स्क्रीनचा रंग ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘नॅचरल’वर आणा. ब्राइटनेस मध्यावर ठेवा. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर गडद दिसतो, पिवळ्या पडद्याखाली एडिट केलेला निळा निघतो.

क्रम असा ठेवा: आधी सरळ करणं आणि क्रॉप, मग उजेड-सावली, मग व्हाइट बॅलन्स, मग रंग, मग चेहऱ्यापुरतं किंवा कोपऱ्यापुरतं काम आणि धार सगळ्यात शेवटी. क्रॉप आधी करायचा, कारण कापून टाकायच्या पांढऱ्या भिंतीसाठी उजेड जुळवण्यात अर्थ नाही. व्हाइट बॅलन्स रंगांच्या आधी, कारण पिवळेपणा न काढता सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवलं तर पिवळेपणाच वाढतो. धार शेवटी, कारण सावल्या उचलल्यावर वर आलेल्या दाण्यांनाही ती लागते. किती दाणे वर आलेत ते आधी कळायला हवं.

एक फोटो धरून बघू. खिडकीजवळ बसलेला माणूस, एका गालावर उजेड, दुसरा गाल सावलीत. खोलीतला दिवा काढतानाच बंद केला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन उजेड चेहऱ्यावर एकत्र पडले की कुठल्याही एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुटत नाहीत.

स्नॅपसीडमध्ये फोटो उघडला. बटणांच्या जागा तुमच्या आवृत्तीत वेगळ्या असू शकतात. आधी खिडकीची चौकट उभी सरळ केली, एक अंशाचाच फरक होता, पण तो डोळ्याला खुपतो. क्रॉप ४:५. मग ट्यून इमेज: हायलाइट (उजळ भाग) उणे २५, शॅडो (सावल्या) अधिक १५, कॉन्ट्रास्ट अधिक ५. ॲम्बियन्सला हात लावला नाही. ते उजेड आणि रंग एकदमच हलवतं आणि फोनच्या एचडीआरवर दुसरा एचडीआर चढतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, उघडून पाहिला. डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला असेल तर तेवढा भाग जळलेला आहे. तो शर्टाच्या टोकाला असेल तर चालेल, कपाळावर असेल तर दुसरी फ्रेम शोधा.

व्हाइट बॅलन्ससाठी चित्रातली राखाडी किंवा पांढरी वस्तू बघा: कागद, भिंत, डोळ्याचा पांढरा भाग. आयड्रॉपरने (रंग उचलणाऱ्या साधनाने) तिथे टॅप केल्यावर मिळणारं उत्तर बहुधा जरा जास्तच थंड असतं. त्वचेला थोडी ऊब परत द्या, अधिक ४-५ पुरे.

आता सावलीतला गाल. सिलेक्टिव्ह साधन घेऊन गालावर बिंदू ठेवला. दोन बोटांनी चिमूट करून वर्तुळ लहान-मोठं करता येतं, चिमूट करताना लाल रंगात दिसतो तेवढ्या भागावर परिणाम होतो. हे साधन नुसत्या वर्तुळावर चालत नाही, बिंदूखालच्या रंगाशी जुळणारा भाग निवडतं. म्हणून बिंदू केसांच्या कडेला न ठेवता गालाच्या मधोमध ठेवायचा. ब्राइटनेस अधिक १२, स्ट्रक्चर (पोताचा ठळकपणा) उणे ८. एवढंच. सावली पूर्ण घालवली तर चेहऱ्याची गोलाई जाते आणि तो कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो.

धार फक्त डोळ्यांना हवी आहे. डिटेल्समध्ये शार्पनिंग अधिक १५ करून मान्य करा. मग झालेल्या बदलांची यादी उघडा, त्यातल्या डिटेल्सवर टॅप करून ब्रशचं चिन्ह निवडा. परिणाम सगळीकडून निघून जातो आणि बोटाने रंगवाल तिथेच परततो. ताकद १००, ७५, ५०, २५ अशी बदलता येते, ०ने पुसता येतं. झूम करून डोळे, भुवया आणि ओठ ५०ने रंगवले. त्वचा तशीच राहिली. स्नॅपसीडमधलं हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. कुठलाही बदल असा एका भागापुरता ठेवता येतो.

लाइटरूममध्ये हेच काम लाइट, कलर आणि डिटेल या भागांत होतं. हायलाइट, शॅडो, व्हाइट्स, ब्लॅक्स वेगवेगळे असल्याने उजेडावरचा ताबा जास्त बारीक आहे, आणि कलर मिक्समध्ये एकेक रंग हलवता येतो. मास्किंगसारखी साधनं मात्र पैसे भरल्यावरच मिळतात. एकाच ठिकाणचे पन्नास फोटो सारखे करायचे असतील तर लाइटरूम घ्या. एकावरचं एडिट कॉपी करून बाकीच्यांवर चिकटवता येतं. एकेक फोटो निगुतीने करायचा असेल तर फुकटचं स्नॅपसीड पुरून उरतं.

कुठे बिघडतं

छपराच्या आणि आकाशाच्या सीमेवर पांढरी कड दिसते तेव्हा क्लॅरिटी, स्ट्रक्चर किंवा एचडीआर जास्त झालेलं असतं. ते निम्म्यावर आणा. तरी कड राहिली तर ती फोननेच काढलेली आहे आणि पुसता येणार नाही.

लाल फूल नुसता लाल गोळा दिसतो, पाकळ्यांच्या रेषा नाहीशा होतात. इथे फोटो एकूण जळलेला नसतो, फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या वाहिन्यांपैकी एकटी लाल भरून वाहिलेली असते, म्हणून साध्या हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही. काढतानाच एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ ठेवा. एडिट करताना लाल रंगाचं सॅच्युरेशन उणे १५-२० आणि ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) थोडं खाली. गडद पिवळ्या झेंडूचं आणि मंचावरच्या निळ्या दिव्यांचंही हेच.

माणसं असलेल्या फोटोत सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. तो फिक्या रंगांना जास्त उचलतो आणि त्वचेच्या रंगाला जपतो. त्वचा नारिंगी झाली असेल तर नारिंगीचं सॅच्युरेशन ५-१० ने उतरवा.

पाठीमागचा माणूस किंवा तार पुसणारी साधनं आता चांगली झाली आहेत. गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेझर २०२४ पासून पिक्सेल नसलेल्या फोनवरही फुकट वापरता येतं. पुसल्यावर तीन गोष्टी तपासा: माणूस गेला पण त्याची सावली राहिली का, फरशीच्या रेषा जुळतात का आणि तोच दगड शेजारी शेजारी दोनदा आलाय का. मोठं पुसणं एकदम करू नका, तुकड्या-तुकड्याने करा. आणि पुरावा म्हणून द्यायचा फोटो, मग तो अपघाताचा असो की दुरुस्तीचा, अजिबात पुसू नका. त्याची मूळ फाइल तशीच ठेवा.

नव्या फोनवर आणखी एक घोळ होतो. गॅलरीत लखलखीत दिसणारा फोटो एडिटिंग ॲपमध्ये उघडला की मलूल दिसतो. अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर फोटोत उजेडाचा एक जास्तीचा थर फाइलमध्ये ठेवलेला असतो, आयफोनवरही तसाच प्रकार आहे. ज्या ॲपला तो वाचता येत नाही ते साधा थर दाखवतं, आणि सेव्ह करताना तो जास्तीचा थर टाकून देतं. फोटो खराब झालेला नसतो. पण त्या लखलखाटाची बरोबरी करायला ब्राइटनेस वाढवत बसलात तर पांढरे भाग जळतील. थर टिकवायचा असेल तर उजेड आणि क्रॉपचं काम फोनच्याच गॅलरीतल्या एडिटरमध्ये करा.

एडिट झालं की फोटोवर बोट दाबून मूळ फोटोशी ताडून बघा. मग गॅलरीत जाऊन लहान चौकोनात बघा. तिथे तो शेजारच्या फोटोंतून वेगळाच ओरडत असेल तर सगळे स्लायडर एक तृतीयांशाने मागे घ्या.

पाठवणं, छापणं, ठेवणं

सेव्ह करताना नेहमी प्रत ठेवा, मूळ फोटोवर लिहू नका. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडी झीज होते.

व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण तोही मूळ फाइल देत नाही. छापायला द्यायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे बाइटभरही फरक पडत नाही. मात्र त्यात फोटो कुठे काढला याची नोंदही जशीच्या तशी जाते. घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाला पाठवताना कॅमेऱ्याची लोकेशन नोंद बंद ठेवा किंवा शेअर करताना लोकेशन काढून टाका.

इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल करून मगच टाका, म्हणजे लहान करण्याचं काम त्याच्यावर सोडावं लागत नाही. प्रिंटचा हिशेब इंचाला ३०० पिक्सेल असा धरा: ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो सुमारे १३ बाय १० इंच उत्तम छापला जातो. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० बाय १२०० चा फोटो ५ बाय ४ इंचापर्यंतच. कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा गडद येतो, तेव्हा छापायच्या प्रतीत एक्स्पोजर अधिक ०.३ करून घ्या आणि मोठ्या मापाआधी एक लहान प्रिंट काढून बघा.

गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीत मेल आणि ड्राइव्हही मोजले जातात. ‘स्टोरेज सेव्हर’ १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करतो, म्हणजे ५० मेगापिक्सेलमध्ये मुद्दाम काढलेला फोटो तिथे मूळ रूपात राहत नाही. असे फोटो आणि रॉ फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवा.

नवीन एडिटिंग ॲप टाकताना ते सगळ्या फोटोंची परवानगी मागेल. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर १४ पासून ‘निवडक फोटो’ असा पर्याय मिळतो, तोच द्या. आणि ‘सात दिवस फुकट’ म्हणत कार्डाचा तपशील मागणारं ॲप असेल तर चाचणी सुरू केल्या दिवशीच स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन ती रद्द करा. चाचणीचे उरलेले दिवस बहुतेक वेळा तरीही वापरता येतात. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही.